ऐकायला आलेली

मेडिकलच्या दुकानासमोर इंदुमतीकाकूंनी सत्यवतीला गाठलं तेव्हा त्यांना धाप लागली होती. त्या मागून हाका मारत आल्या असाव्यात, पण बरकतपुऱ्याच्या त्या रस्त्यावर संध्याकाळी ऑटोंच्या हॉर्नपुढे कुणाची हाक कुणाला ऐकू येत नाही. अंगावर घरातलंच विटकं लुगडं, हाताला पीठ. आपलं काहीतरी त्यांच्याकडे राहिलं असणार, असं वाटून सत्यवतीने पर्स चाचपली. रेकॉर्डर होता, मोबाइल होता. "काय झालं काकू?" "काही नाही गं. एक सांगायचं होतं. घरात सांगता येत नाही." त्यांनी दुकानाच्या पायरीला टेकून श्वास घेतला, आणि भाव विचारावा तितक्या साधेपणाने म्हणाल्या, "तू आलीस की हे बोलतात. तू गेलीस की नाही बोलत."

"म्हणजे?"

"म्हणजे नाहीच बोलत. माझ्याशी. वर्षं झाली आता. तू पहिल्यांदा आलीस ना, तेव्हा मी आत कणीक मळत होते. बाहेर यांचा आवाज सुरू झाला तर मला वाटलं, टीव्हीच आहे." काकू हसल्या, आणि हसल्याचं लक्षात येऊन पदराने तोंड पुसलं. "तुझं कॉलेजचं काम संपेल गं कधीतरी. संपलं तरी येत राहा. एवढंच सांगायचं होतं." आणि तिचं उत्तर न ऐकताच त्या वळल्या. कोपऱ्यावर कोथिंबिरीची जुडी घेतली. कशाला बाहेर पडलात असं घरात कुणी विचारलंच, तर दाखवायला काहीतरी हवं म्हणून. पण विचारणारं कोण होतं घरात, हे सत्यवतीला नल्लकुंट्याच्या वळणावर आल्यावर सुचलं, आणि ती उगाचच एका कडेला उभी राहिली.

गणपतीच्या आधीपासून ती त्या घरी जात होती. घरात बातमी कशी ऐकली जाते, हा तिच्या एम.फिल.चा विषय. दिल्लीत राज्य तोडायचं ठरलं होतं, निजामाच्या या जुन्या राजधानीत रोज बंद, रोज मोर्चे, आणि संध्याकाळी सगळी घरं टीव्हीसमोर. तिने अशी काही मराठी घरं निवडली होती आणि बातम्यांच्या वेळी त्या घरांत जाऊन एका कोपऱ्यात बसायचं, कोण काय बोलतं, कुणाला उद्देशून बोलतं, मध्येच कोण उठून जातं, ते टिपायचं, असं तिच्या कामाचं स्वरूप होतं. बहुतेक घरांत काहीच हाती लागत नसे. माणसं ताटावर वाकून जेवत, डोळे पडद्यावर. कुणीतरी "हौला आहे हा, खुळा" म्हणे, कुणी रिमोट मागे, संपलं. त्या रेकॉर्डिंगमध्ये नुसत्या चमच्यांचा आवाज. फक्त परांडेकर वकिलांच्या घरी बोलणं ओसंडून वाहत होतं. दत्तात्रय परांडेकर, दिवाणी कोर्टात जन्म काढलेले, पंचाहत्तरी ओलांडलेले, पांढऱ्या पायजम्यात खुर्चीच्या कडेवर ताठ बसत आणि पडद्यावरच्या प्रत्येक माणसाची उलटतपासणी घेत. मध्येच आतल्या दिशेने म्हणत, "ऐकलंत का, यांना आता आमचं शहर सामाईक राजधानी म्हणून दहा वर्षं भाड्याने हवंय!" आतून काकू म्हणत, "द्या की मग, भाडं चांगलं येईल." सत्यवतीला हे फार आवडे. ती मराठी रोमन अक्षरांत लिहून घेई, कारण देवनागरी तिला एकेक अक्षर लावत वाचावी लागे. शाळा इंग्रजी, गल्ली तेलुगू, घरचं मराठी भालकीकडच्या शेतातून आलेलं. 'उद्विग्न' हा शब्द तिने वकिलांच्याच तोंडून पहिल्यांदा ऐकला. तिच्या गाइड कामेश्वरी मॅडमनी त्या घराच्या पानांवर जागोजाग पेन्सिलीने रेघा मारल्या होत्या. हेच तुझं प्रकरण, म्हणाल्या होत्या, बाकीची घरं नुसती भर.

आणि आता, वळणावर उभ्या उभ्या, ती पानं तिच्या डोळ्यांसमोर बदलत होती. त्यातली वाक्यं तशीच होती, पण ती कुणाला उद्देशून होती? 'ऐकलंत का' हे काकूंना नव्हतंच. ते तिला होतं. काकूंच्या अंगावरून ते तिच्याकडे फेकलेलं होतं, भिंतीवर चेंडू टाकून झेलावा तसं. आणि काकू? 'द्या की मग' म्हणताना काकूंचा आवाज किंचित चढलेला असायचा, ते तिला स्वयंपाकघर लांब म्हणून वाटलं होतं. वर्षानुवर्षं वाट पाहून अखेर आपल्या दिशेने आलेलं वाक्य पकडायला ती बाई तिथे आतल्या आत धावत होती. सत्यवतीने ते टिपून घेतलं होतं आणि पुढे कंसात लिहिलं होतं, 'पत्नीचा खेळकर प्रतिसाद'.

घरी अप्पा व्हरांड्यात बसले होते. हिम्मतराव बिरादार, वीजमंडळातून निवृत्त. आई गेल्यापासून घरात दोघंच. तिने बँकेची नोकरी सोडून पुन्हा शिकायला घेतलं ते त्यांना पटलं नव्हतं, पण त्यांनी 'नक्को' म्हटलं नव्हतं. नुसतं 'हौ' म्हणाले होते आणि तेव्हापासून त्यावर दोघांत एक शब्द झाला नव्हता. तिने चपला काढल्या. अप्पा म्हणाले, "पाणी उद्याला येतंय म्हणे." ती म्हणाली, "बरं." मग दारातच थांबून तिने त्यांना सगळं सांगितलं, आपण का सांगतोय ते न कळता. अप्पांनी ऐकून घेतलं. "वकील लोक ते. बाहेर लई बोलतेत, घरात थकतेत." "आपण तरी कुठं बोलतो अप्पा?" "बोलतो की." "काय बोलतो?" अप्पांनी खरोखर विचार केला. कपाळाला आठ्या घातल्या. "हेच. पाणी आलं, गॅस संपला. आणखी काय बोलायचं असतं अम्मा?" लेकीला ते गल्लीतल्या तेलुगूसारखं अम्माच म्हणत. त्यांच्या आवाजात राग नव्हता. त्यांना ते माहीत करून घ्यायचं होतं. या विषयावर दोन वर्षं वाचत असलेली ती भात लावायला आत गेली. रात्री भात वाढताना तिच्या लक्षात आलं की ती भांड्यांचे आवाज मोजूनमापून ऐकतेय, जणू कोपऱ्यात दुसरी कुणी सत्यवती वही घेऊन बसली आहे.

कामेश्वरी मॅडमच्या खोलीत पुस्तकं खोक्यांत भरली जात होती. त्या मूळच्या तेनालीच्या, तुटणाऱ्या राज्याच्या दुसऱ्या, किनाऱ्याकडच्या भागातल्या. सगळी नोकरी याच शहरात झाली, पण विद्यापीठाच्या भिंतींवर त्यांच्यासारख्यांनी परत जावं म्हणून रोज नव्याने लिहिलं जात होतं, आणि तिकडच्या एका नव्या विद्यापीठात जागा मिळत होती. "मेडिकल शॉपच्या समोर?" त्यांनी सगळं ऐकून विचारलं. आधी इंग्रजीत बोलत होत्या, मग तेलुगूत आल्या, तेव्हा आवाज मऊ झाला. "बघ अम्मा, हे काही नवीन नाही. बघणारा आला की बघितलं जाणारं बदलतं. याला नाव आहे, यावर लोकांनी लिहिलेलं आहे. तू अभ्यासाच्या मर्यादांमध्ये एक परिच्छेद टाक." "पण मॅडम, ते प्रकरणच खोटं आहे." "खोटं कसं? ते बोलले ना? तू ऐकलंस ना?" त्यांनी खोक्याला चिकटपट्टी लावली, दातांनी तोडली. "आणि आणखी घरं शोधायला वेळ कुठाय? राज्य झाल्यावर मी कुठे असेन मला ठाऊक नाही. नवा गाइड तुला पहिल्यापासून सुरू करायला लावेल. उन्हाळ्याच्या आत दे. मी आहे तोवर दे." मग खिडकीबाहेर बघत, तिला नाही, दुसऱ्याच कुणाला सांगावं तसं म्हणाल्या, "परवा दूधवाल्याने विचारलं, मॅडम तुम्ही लोकल की नॉनलोकल. सव्वीस वर्षं त्याच्याकडून दूध घेतेय."

सत्यवती बरकतपुऱ्याला जात राहिली. आता कामासाठी नाही. रेकॉर्डर ती पर्समधून काढायचीच नाही. वकिलांच्या ते लक्षात आलं नाही किंवा आलं तरी त्यांनी दाखवलं नाही. आपण एका बाईला काहीतरी नेऊन देतो आहोत, आजाऱ्याला डबा पोचवावा तसं, असं तिला वाटे. त्यात एक ऊब होती, आणि त्या उबेचीच तिला मागाहून लाज वाटली. ती गेली की काकू स्वयंपाकघर सोडून बाहेर येऊन बसू लागल्या. साडी बदललेली असे. वकील बोलत. छप्पन सालचं बोलत, तेव्हा ते एकवीस वर्षांचे होते, वडील महसूल खात्यात. निजामाचं राज्य तीन ठिकाणी वाटून दिलं आणि कचेऱ्यांतल्या माणसांना विचारलं, तुम्ही कुणाचे. मोठे दोन्ही भाऊ औरंगाबादेला गेले. काचीगुड्याच्या स्टेशनावर निम्मा बरकतपुरा लोटला होता. लोकांनी पिंपं, पाळणे, तुळशीचं वृंदावनसुद्धा बरोबर घेतलं होतं. "मी वकिलीची परीक्षा देत होतो, म्हणून राहिलो. एका वर्षासाठी. मग इथली माणसं तिथे आणि तिथली इथे, सत्यवती, आणि आम्ही कुठलेच नाही. आम्हाला दोन्हीकडे पाहुण्यासारखं वागवतात. पाहुण्याला बोलायला चांगलं जमतं." असं काही सुंदर बोलून ते थांबत आणि तिच्याकडे बघत. एकदा, तीसेक वर्षांपूर्वी औरंगाबादेला हायकोर्टाचं खंडपीठ झालं तेव्हाचं सांगताना मात्र ते अडखळले. "मित्र सगळे गेले. मीही निघालो होतो. पुस्तकं बांधून ठेवली होती." मग एकदम टीव्हीचा आवाज वाढवला.

त्या दिवशी दारापाशी काकू हळूच म्हणाल्या, "मी नाही म्हटलं होतं. माझी शाळा होती इथे, मराठीची मुलं होती, तेव्हा वर्ग भरायचे. एकदाच नाही म्हटलं. मला वाटलं हे पुन्हा विचारतील, मग मी हो म्हणेन. यांनी दुसऱ्यांदा विचारलंच नाही."

"मग भांडण झालं?"

"भांडण कुठलं! भांडलो असतो तर बरं झालं असतं. हळूहळू कमी झालं गं. नळाला धार बारीक होत जाते ना, तसं. बादली भरतेय भरतेय म्हणून आपण दुसऱ्या कामाला लागतो, आणि येऊन बघतो तर कधीच गेलंय."

फेब्रुवारीत लोकसभेत मतदान होतं त्या दुपारी सत्यवती त्यांच्याकडेच होती. हा दिवस प्रबंधात हवा, असं मॅडमनी बजावलं होतं, म्हणून रेकॉर्डर बऱ्याच दिवसांनी टीपॉयवर ठेवला होता. शहरात दुकानं अर्धी उघडी, रस्त्यावर पोलिसांच्या गाड्या. वकील आंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून बसले होते. सभागृहातला गोंधळ दिसत होता, वकील तावातावाने कलमं सांगत होते, आणि ऐन वेळी दिल्लीहून दाखवणंच बंद झालं. सभागृह दिसेनासं झालं. वार्ताहर बाहेर आवारात उभा राहून आत काय चाललंय ते आपल्याला दिसत नाही, एवढंच पुन्हा पुन्हा सांगत होता. वकिलांनी रिमोटने आवाज बंद केला. "येईल," म्हणाले. आणि गप्प झाले. बोलायला समोर काही उरलंच नाही. पंखा फिरत होता. सत्यवतीला पहिल्यांदा त्या घराची खरी शांतता ऐकू आली. ती आपल्या आधीही इथे होती आणि आपण गेल्यावर रोज परत येत असणार, आणि किती सराईतपणे ही दोघं तिच्यात बसली आहेत, डोळे एका बाजूला, श्वाससुद्धा एकमेकांच्या वाटेत न येणारे. आपण काही विचारावं, काहीही, असं तिला वाटलं, पण ती वहीचं पान सारखं करत राहिली.

काकूंनी चहा आणला. कप ठेवले. त्या बसल्या नाहीत, वकिलांच्या खुर्चीसमोर उभ्या राहिल्या, वर्गात मुलासमोर उभं राहावं तशा.

"मला वाटायचं तुम्हाला बोलवत नाही," त्या म्हणाल्या. "मी तसंच धरून चालले होते. कोर्टात बोलून बोलून आतलं संपलं असेल, मनाचं काही दुखणं असेल. दुखणाइताशी काय भांडायचं? मी तुमचं सगळं केलं. बहिणीला सांगितलं, यांना बोलवत नाही. पण तुम्हाला तर सगळं येतं. हसायला येतं. एवढाल्या गोष्टी सांगायला येतात. या पोरीला स्टेशनावरचं सांगितलंत, वृंदावनाचं सांगितलंत. मला कधी सांगितलं नव्हतं ते."

वकिलांच्या मानेची शीर ताठ झाली. ते बोलणार, असं सत्यवतीला वाटलं. त्यांचा ओठ हललाही. त्यांनी कप उचलला, एक घोट घेतला आणि सत्यवतीकडे वळून म्हणाले, "चहात साखर कमी आहे, असं सांगा यांना."

रेकॉर्डरचा लाल दिवा चालू होता. काकूंनी क्षणभर सत्यवतीकडे पाहिलं, ती खरंच सांगते की काय म्हणून. मग आत जाऊन साखरेचा डबा आणून टीपॉयवर ठेवला. बाहेर नल्लकुंट्याच्या बाजूने फटाक्यांची माळ लागली, पाठोपाठ विद्यानगरकडून आरोळ्या आल्या. बातमी टीव्हीच्या आधी रस्त्यावरून आली. "झालं!" वकील उठून उभे राहिले, आणि नव्या राज्याच्या सीमांबद्दल, पाण्याबद्दल, हायकोर्टाबद्दल बोलू लागले, अस्खलित, हातवारे करत, आणि सत्यवती लिहीत राहिली, कारण हात थांबला असता तर काय करायचं ते तिला ठाऊक नव्हतं.

त्यानंतर ती तिकडे गेली नाही. लिहायचं होतं, हे खरंही होतं. ते रेकॉर्डिंग तिने एकदा ऐकलं; काकूंचा आवाज त्यात लांबून यावा तसा येत होता आणि पंख्याची घरघर मात्र अगदी जवळ. तो भाग तिने प्रबंधात घेतला नाही. का घेतला नाही, याची तिने स्वतःला बरीच कारणं दिली, खाजगीपणाचं कारण त्यातल्या त्यात चांगलं होतं. बाकीचं प्रकरण तसंच राहिलं. शेवटी मर्यादांमध्ये इंग्रजीत एक वाक्य घातलं: निरीक्षकाच्या उपस्थितीचा कुटुंबाच्या संभाषणावर काही परिणाम झाला असण्याची शक्यता नाकारता येत नाही. ते टाइप करताना मेडिकलसमोरचे पीठ लागलेले हात तिला आठवले. वाक्यात कुणी आलं नव्हतं, कुणी गेलं नव्हतं. मॅडमनी सही केली आणि जूनमध्ये, नवं राज्य व्हायच्या आठवड्यात, त्या गेल्या. निरोपाच्या कार्यक्रमाला बोलावलं होतं, त्यांनी नको म्हणून कळवलं.

व्हायव्हा पावसाळ्यात झाली. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी नेमकं त्याच प्रकरणाचं कौतुक केलं. वयस्क जोडप्यातला इतका जिवंत संवाद नोंदवला जाणं दुर्मीळ आहे, म्हणाले. सत्यवती "थँक यू सर" म्हणाली. अप्पा मागच्या रांगेत इस्त्रीचे कपडे घालून बसले होते, न सांगता आले होते. बाहेर आल्यावर त्यांनी विचारलं, "काय लिव्हलंस गं त्यात? मला सांग की आपल्यात." तिने सुरुवात केली आणि तिसऱ्या वाक्याला शब्द संपले, सगळं इंग्रजीत होतं, आणि मराठीत सांगायला गेलं की वेगळंच काहीतरी खरं होऊ लागे. "नंतर सांगते," ती म्हणाली. अप्पा "हौ" म्हणाले.

पेढ्यांचा पुडा घेऊन ती बरकतपुऱ्याला गेली. दार वकिलांनी उघडलं. दाढी वाढली होती, सदऱ्याचं एक बटण दुसऱ्याच्या घरात. "या, या, सत्यवती! पास ना? बसा." घरात शिळ्या वरणाचा वास. ती बसली आणि काकूंची वाट पाहू लागली. वकील म्हणाले, "त्या सेलूला आहेत. भावाकडे." मग थोड्या वेळाने, "उन्हाळ्यातच गेल्या. संदूक घेऊन गेल्या." आणि लगेच नव्या सरकारवर आले, हायकोर्ट कसं वाटणार त्यावर आले, तीन खात्यांचे मंत्री त्यांनी झोडपून काढले, आवाज तोच, शब्द तेच नेमके, जणू सगळा उन्हाळा हे तोंडात धरून बसले होते. सत्यवती ऐकत होती. मान हलवत होती. आपली मान आपोआप हलते आहे हे तिला दिसलं, आणि काकू तीस वर्षं जे काम मागत होत्या आणि त्यांना मिळालं नाही, ते आपण किती फुकट करतो आहोत, हेही. आपण इथे यावं म्हणून हा माणूस बोलत होता, आणि आपण आलो होतो, म्हणून ती बाई गेली होती. मर्यादांमध्ये हे कुठे लिहायचं?

"वकीलसाहेब," ती त्यांना मध्येच थांबवून म्हणाली, "काकूंचा नंबर द्या."

त्यांनी टेलिफोनजवळच्या भिंतीकडे बोट दाखवलं. कॅलेंडरच्या कोपऱ्यावर काकूंच्या गोल, शाळेतल्या अक्षरात नंबर लिहिलेला होता. जाताना लिहून गेल्या असाव्यात. तिने फिरवला. पलीकडे बराच वेळ वाजून कुणीतरी उचलला, हाक मारली गेली, आणि मग काकूंचा आवाज आला. "कोण?"

सत्यवतीने रिसीव्हर वकिलांच्या हातात दिला. त्यांनी तो कानाला लावला, आणि आतला आवाज ऐकताच झटकन परत तिच्यापुढे धरला. "तुम्ही बोला," ते ओठांनीच म्हणाले. "तुम्ही सांगा." रिसीव्हर दोघांच्या मध्ये हवेतच होता आणि त्यातून बारीकसं, मुंगीएवढं, "हॅलो? कोण बोलतंय?" येत होतं. तिचा हात सवयीने पुढे झाला. तिने तो मागे घेतला, पर्सच्या पट्ट्यावर घट्ट धरला आणि नाही अशी मान हलवली. वकील तिच्याकडे बघत राहिले. कोर्टात कुणी त्यांना असं उघड्यावर टाकलं नसेल. मग अगदी सावकाश त्यांनी रिसीव्हर पुन्हा कानाला लावला. बोलले नाहीत. पलीकडचं "कोण"ही थांबलं होतं. पण फोन ठेवल्याचा खट्ट आवाज आला नव्हता.

ती उठली. पेढ्यांचा पुडा टीपॉयवर ठेवला, दार ओढून घेतलं. दाराला कान लावावा, असं तिला वाटलं. आत वकिलांनी घसा खाकरला. पुढे काय होतं ते ऐकायला ती थांबली नाही.